धडधड प्रेमाची की भीतीची?

प्रेम आणि खून एकाच कथेत आले की प्रेक्षकांची मते टोकाला जातात. एकाला नायक भावतो, दुसऱ्याला त्याची किळस येते. ही नुसती आवडनिवड नसते. छातीतली धडधड, शेजारी बसलेले माणूस आणि शेवट माहीत असणे-नसणे, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस झी मराठीवर 'देवमाणूस' ही मालिका सुरू झाली. करोनामुळे घराबाहेर पडणे बेताचे होते आणि रात्रीच्या जेवणानंतर टीव्हीसमोर बसणाऱ्यांची संख्या वाढलेली होती. गावात डॉक्टर म्हणून मिरवणारा, अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारा, गोड बोलणारा तरुण. तोच बायकांना प्रेमाच्या जाळ्यात ओढतो आणि काम झाले की त्यांचा काटा काढतो. पुढे तपासाला आलेली पोलीस अधिकारीही त्याच्या प्रेमात पडते. खुनी कोण, हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळलेले होते. प्रश्न एवढाच होता की तो सापडणार कधी आणि त्याआधी कुणाचा नंबर लागणार. ऑगस्ट २०२१ मध्ये मालिका संपली आणि चारच महिन्यांनी तिचा दुसरा भाग आला.

आता समजा, जालना जिल्ह्यातल्या एखाद्या घरात चार-पाच जण ही मालिका एकत्र पाहत आहेत. आजी सगळा भाग संपेपर्यंत 'मेल्याचं तोंड बघवत नाही' म्हणते, पण जागची हलत नाही. सुनेला प्रश्न पडतो, एवढ्या शहाण्या बायका याला भुलतातच कशा? कॉलेजात जाणाऱ्या नातीला वाटते, बाकी सगळे खोटे असेल, पण एकीवर तरी त्याचे प्रेम खरे असणार. नातू म्हणतो, 'लय भारी काम केलंय.' आणि वडील वर्तमानपत्रातून डोके न काढता 'काय फालतू बघता' म्हणतात, तरी जाहिरात लागली की 'संपलं का?' म्हणून विचारतात. पडदा एक, भाग एक, वेळ एक. मते मात्र पाच.

टीव्ही कोण पाहतो हे मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे. 'बार्क' ही संस्था निवडक घरांतल्या संचांना मीटर लावून कुठला कार्यक्रम किती घरांत आणि किती वेळ पाहिला गेला याचा अंदाज काढते. त्यात आजीचा संताप आणि नातीचा उसासा दोन्ही सारखेच मोजले जातात. पाहणारा का पाहतो, त्याला काय वाटते, पाहून तो काय ठरवतो, हे मीटरला कळत नाही. मानसशास्त्रज्ञ मात्र गेली साठ वर्षे नेमका याच प्रश्नाचा पाठपुरावा करत आहेत.

दोन पुलांची गोष्ट

१९६२ साली स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणांना 'जीवनसत्त्वाचे इंजेक्शन' म्हणून प्रत्यक्षात अ‍ॅड्रेनलिन टोचले. हे संप्रेरक शरीरात वाढले की नाडी वेगाने चालते, हात थरथरतात, चेहरा तापतो. काहींना याची पूर्वकल्पना दिली होती, काहींना नव्हती. मग प्रत्येकाला अशा माणसाबरोबर बसवले, जो एकतर आनंदाने बागडत होता किंवा चिडलेला होता. संशोधकांचे म्हणणे असे होते की, आपल्याला धडधडते का आहे हे ठाऊक नसले की माणूस आजूबाजूला पाहून तिचा अर्थ लावतो. शेजारी हसत असेल तर मी आनंदात आहे, शेजारी चिडला असेल तर मी रागावलो आहे. हा प्रयोग पुढे तंतोतंत तसाच पुन्हा जमला नाही आणि त्यावर बरीच टीकाही झाली. पण त्यातला एक मुद्दा टिकून राहिला: शरीराची धडधड स्वतःचे नाव सांगत नाही, ते नाव आपण ठेवतो.

बारा वर्षांनी, १९७४ मध्ये, डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडात याची पुढची पायरी तपासली. व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर दोरांवर झुलणारा एक अरुंद पूल आहे. खाली दोनशेहून अधिक फूट खोल दरी. त्याच परिसरात दुसरा एक पूल होता, रुंद, भक्कम आणि ओढ्यापासून जेमतेम दहा फूट उंच. दोन्ही पुलांवरून जाणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने थांबवले, एक छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि 'अभ्यासाबद्दल काही विचारायचे असेल तर' म्हणून फोन नंबर दिला. झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी.

संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की, पुलाच्या भीतीने उडालेली छाती त्या पुरुषांनी समोरच्या मुलीच्या खात्यात जमा केली. अर्थात, झुलता पूल निवडणारे पुरुष मुळातच धाडसी असतील, ही शंकाही रास्त आहे. तरीही प्रेम आणि भीती यांची शरीरातली लक्षणे किती सारखी आहेत, हे या प्रयोगाने सगळ्यांच्या लक्षात आणून दिले. दोन्हीत तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते, झोप उडते, भूक मंदावते. मराठीतही 'जीव टांगणीला लागणे' हा वाक्प्रचार प्रेमासाठी वापरता येतो आणि संकटासाठीही.

प्रेमाचा रहस्यपट हा प्रेक्षकासाठी असाच झुलता पूल असतो. दिग्दर्शक अंधारातला जिना दाखवतो, पार्श्वसंगीताने श्वास रोखायला लावतो आणि त्याच क्षणी नायक नायिकेचा हात धरतो. छाती उडाली जिन्यामुळे, पण पुण्य गेले नायकाच्या पदरात.

धडधड मताला धार लावते

पण मग सगळ्यांनाच नायक का आवडत नाही? पूल एकच असेल तर आजीला किळस आणि नातीला ओढ, असे का?

याचे एक चांगले उत्तर १९८१ मध्ये ग्रेगरी व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी काही तरुणांना जागच्या जागी दोन मिनिटे पळायला लावले, तर काहींना फक्त पंधरा सेकंद. नंतर सगळ्यांना एका तरुणीची चित्रफीत दाखवली. तरुणी एकच होती, मात्र एका चित्रफितीत ती आकर्षक दिसेल अशी सजवली होती आणि दुसरीत मुद्दाम अनाकर्षक. ज्यांची छाती धडधडत होती त्यांना आकर्षक तरुणी इतरांपेक्षा जास्त आवडली, आणि अनाकर्षक तरुणी इतरांपेक्षा जास्त नावडली. पळण्याऐवजी विनोदी किंवा भीषण ध्वनिफीत ऐकवली तरी कल तोच राहिला.

म्हणजे धडधड मत बनवत नाही. जे मत आधीच डोक्यात असते त्याला ती धार लावते. आजीने आयुष्यात गोड बोलून घात करणारी माणसे पाहिलेली असतात, म्हणून जिन्यावरचा अंधार तिची चीड वाढवतो. नातीसाठी पडद्यावरचा तरुण देखणा आणि जीव लावणारा असतो, म्हणून तोच अंधार तिची ओढ वाढवतो. संथ कौटुंबिक मालिकेवर घरात 'बरी आहे' एवढ्यावर भागते. रहस्यमय प्रेमकथेवर मात्र 'जबरदस्त' किंवा 'भिकार' असेच ऐकू येते, त्यामागचे एक कारण हे असू शकते.

डॉल्फ झिलमन या माध्यम-मानसशास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवली. उत्तेजना एकदम उतरत नाही, ती थोडी उरते आणि पुढच्या प्रसंगाला चिकटते. ताण जितका मोठा, तितका सुटकेचा आनंद मोठा. म्हणूनच शेवटच्या दहा मिनिटांत खलनायक पकडला गेला की आधीचा तासभराचा कंटाळाही प्रेक्षक माफ करतो. आणि शेवट फसला तर तीच उरलेली उत्तेजना रागाला मिळते: 'एवढं बसवून ठेवलं आणि शेवटी हे?'

शेजारी कोण बसले आहे?

मत एकट्याचे नसते. १९८६ मध्ये झिलमन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका भयपटाचा तुकडा दाखवला. प्रत्येकाशेजारी भिन्नलिंगी सोबती होता. हा सोबती संशोधकांचाच माणूस होता आणि त्याला सांगून ठेवलेले होते की घाबरायचे, निर्विकार राहायचे किंवा बेदरकारपणे हसायचे. शेजारची तरुणी घाबरली तेव्हा मुलांना चित्रपट सर्वांत जास्त आवडला. शेजारचा तरुण घाबरला तेव्हा मुलींना तो सर्वांत कमी आवडला. पडद्यावर तुकडा तोच होता.

हा प्रयोग अमेरिकेतला आणि चाळीस वर्षांपूर्वीचा. आपल्या बैठकीच्या खोलीत शेजारी प्रेयसी नसते; सासू असते, दीर असतो, दहावीतला मुलगा असतो. त्यामुळे इथले गणित वेगळे असणार, पण तत्त्व तेच. सासऱ्यांसमोर प्रेमाचा प्रसंग आला की सून पाण्याचा तांब्या आणायला उठते. नंतर तिला विचारले तर ती म्हणते, 'काही खास नव्हतं.' तीच सून दुपारी एकटी असताना पुन:प्रक्षेपण पाहते आणि डोळे पुसते. कुणाचे मत खरे, सकाळचे की दुपारचे? दोन्ही खरीच. एक मत चारचौघांतले, एक मनातले.

शेवट आधीच कळला तर

जालना जिल्ह्यात सगळ्यांनाच रात्रीचा भाग वेळेवर पाहता येत नाही. पोलाद कारखान्यातल्या रात्रपाळीला जाणारा, मोसंबीच्या बागेला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहणारा, एसटीने उशिरा पोचणारा. अशांना कथा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून कळते. 'सांगू नको, दुपारी बघायचंय' असे म्हणेपर्यंत सांगणाऱ्याने सांगून टाकलेले असते. मजा गेली, असे आपण म्हणतो. खरेच जाते का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्तेनफेल्ड यांनी २०११ मध्ये वाचकांना बारा लघुकथा दिल्या. त्यात रहस्यकथा होत्या आणि शेवटी कलाटणी देणाऱ्या कथाही होत्या. काहींना शेवट आधीच सांगितला. आश्चर्य म्हणजे, शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. २०१५ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र शेवट फोडल्यामुळे आनंद कमी झाल्याचे दिसले. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर एवढे नक्की की, शेवट कळल्याने कथा मरतेच असे नाही.

याचे कारण आल्फ्रेड हिचकॉक या रहस्यपटांच्या बादशहाने सोप्या उदाहरणाने सांगून ठेवले आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि टेबलाभोवतीची माणसे निवांत गप्पा मारत राहिली, तर प्रेक्षक कितीतरी मिनिटे खुर्चीच्या टोकाला येऊन बसतो. 'देवमाणूस'मध्ये खुनी आधीच माहीत असणे ही उणीव नव्हती, तीच तिची ताकद होती. प्रत्येक नव्या स्त्रीच्या दारात तो उभा राहिला की पाहणाऱ्याच्या तोंडून आपसूक निघायचे, 'अगं, दार उघडू नको!'

टीव्हीतल्या माणसाशी असे बोलणे हे वेडेपण नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच या एकतर्फी नात्याचे वर्णन केले होते. रोज ठरावीक वेळी घरात येणारा चेहरा मेंदूला ओळखीचा वाटू लागतो. मग आपण त्याची काळजी करतो, त्याच्यावर रागावतो. 'देवमाणूस'मधली शिवराळ सरू आजी कितीतरी घरांत आपल्याच आजीसारखी वाटली, ती याच नात्यातून.

रक्त खरेच गोठते का?

'भीतीने रक्त गोठले' असे आपण म्हणतो. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या डॉक्टरांनी हे खरोखर तपासून पाहिले. २०१५ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकात तो प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक शांत माहितीपट दाखवला, दोन्हींत आठवड्याचे अंतर ठेवले आणि आधी-नंतर रक्त तपासले. भयपटानंतर निम्म्याहून अधिक जणांमध्ये रक्त साकळण्यास मदत करणारा 'फॅक्टर आठ' हा घटक वाढला. माहितीपटानंतर तो साधारण सातांत एकाचा वाढला. पण प्रत्यक्षात गुठळी बनण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचे काही दिसले नाही. म्हणजे शरीर जखमेची तयारी करते, कारण हजारो वर्षे भीतीमागोमाग जखम येत असे. पडदा नवा आहे, शरीर जुने आहे.

निरोगी माणसाला एवढ्या उत्तेजनेने काही होत नाही. उलट, सुरक्षित जागी बसून भिण्यात एक मोकळेपण असते. खरा प्रश्न येतो झोपेचा. भाग संपतो तो अर्ध्यावर: दार वाजते, दाराबाहेर कोण ते उद्या. अर्धवट राहिलेली गोष्ट मनात जास्त घोळते, असे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ मध्येच मांडले होते. त्यावर पुढे मतभेद झाले, पण मालिका लिहिणारे त्यावर रोज पोट भरतात. मोबाइलवर तर उद्याची वाट पाहावीच लागत नाही, एकामागून एक भाग आपोआप सुरू होतात. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ तरुणांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बैठकीत अनेक भाग पाहणाऱ्यांची झोप अधिक खराब होती आणि त्यांना थकवाही जास्त होता. त्याचे कारण होते अंथरुणावर पडल्यावरही मनात चालू राहिलेली कथा. दिवा मालवला तरी डोके चालूच राहते.

रक्तदाबाचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी, छातीत दुखणे, धाप लागणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणे याला 'पिक्चर भीतीदायक होता' म्हणून सोडून देऊ नये. ती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

पाठलाग म्हणजे प्रेम?

इथपर्यंतची मते करमणुकीची. पण प्रेमाच्या रहस्यपटाबद्दलचे एक मत असे आहे, ज्याचा परिणाम पडद्याबाहेर होतो: 'तो तिच्या मागे लागलाय, कारण त्याचं तिच्यावर खरं प्रेम आहे.'

१९९३चा 'डर' आठवा. नायिकेचा पाठलाग करणारा, तिला फोन करून छळणारा माणूस खलनायक म्हणून लिहिला होता. पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्या कितीतरी प्रेक्षकांच्या तोंडी नाव होते ते शाहरुख खानच्या त्या खलनायकाचेच. १९९६ मध्ये 'अग्निसाक्षी' आला. त्यातल्या नाना पाटेकरांच्या नवऱ्याचे बायकोवरचे वेड पाहून प्रेक्षकाला धडकी भरत होती. 'स्लीपिंग विथ द एनिमी' या १९९१च्या अमेरिकी चित्रपटावरून तो बेतलेला होता. एका चित्रपटात वेडाला करुण सूर मिळाला, दुसऱ्यात त्याचा धाक दिसला.

या फरकाने प्रेक्षकाच्या डोक्यात काय होते, हे मिशिगन विद्यापीठातील ज्युलिया लिपमन यांनी तपासले. चारशेहून अधिक स्त्रियांना त्यांनी वेगवेगळे चित्रपट दाखवले. काहींत पाठलाग गोड, विनोदी प्रेम म्हणून आला होता. काहींत तो भयंकर होता, आणि त्यात 'स्लीपिंग विथ द एनिमी'ही होता. एका गटाला प्राण्यापक्ष्यांचे माहितीपट दाखवले. मग त्यांना काही विधानांबद्दल मत विचारले, जसे की, पाठलाग ही तेवढी गंभीर गोष्ट नाही. भयंकर पाठलाग पाहिलेल्या स्त्रियांनी, गोड पाठलाग पाहिलेल्यांच्या तुलनेत, असे गैरसमज कमी मान्य केले. आणि गोड पाठलागाची कथा ज्यांना अगदी खरी वाटली किंवा ज्या तिच्यात हरवून गेल्या, त्यांच्यात हे गैरसमज अधिक दिसले. एक चित्रपट कुणाचे आयुष्य बदलत नाही. पण कोणत्या वागण्याला प्रेम म्हणायचे, याच्या व्याख्येला तो हळूच धक्का देतो.

जालन्यासारख्या जिल्ह्यात ही व्याख्या महत्त्वाची का, याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. जालना जिल्ह्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त, सुमारे ३५ टक्के होते. त्याच पाहणीत राज्यातल्या दर चार विवाहित स्त्रियांपैकी साधारण एकीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. ज्या मुलीला स्वतःच्या पसंतीने कुणाला जोखण्याची, नाही म्हणण्याची, थांबून पाहण्याची संधी मिळत नाही, तिच्यासाठी प्रेम कसे असते याचा मोठा धडा पडद्यावरूनच येतो. घरात त्यावर बोलायला बंदी आणि शाळेत त्यावर मौन. मग नायिकेचा मोबाइल तपासणारा, ती कुणाशी बोलते याचा हिशेब ठेवणारा नवरा तिला 'किती जीव लावतो' असा वाटू शकतो.

धडधडीचे विज्ञान इथे उपयोगी पडते. छाती उडते आहे, एवढ्यावरून समोरचा आवडतो आहे की त्याची भीती वाटते आहे, हे ठरत नाही. ते ठरवायला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: मी 'नाही' म्हटले तर हा माणूस काय करेल? ज्याच्याबद्दल या प्रश्नाचे उत्तर देताना पोटात गोळा येतो, तिथली धडधड प्रेमाची नाही.

कायद्यानेही हा फरक केलेला आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधत राहणे किंवा तिच्या इंटरनेट-मोबाइलच्या वापरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली येतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मते विचारा, ऐका

मग अशा मालिका, असे चित्रपट पाहायचेच नाहीत का? तसे सांगून कुणी ऐकत नाही, आणि त्याची गरजही नाही. वर पाहिलेल्या अभ्यासात पाठलागाची भीषणता दाखवणाऱ्या चित्रपटाने प्रेक्षक सावध केले होते. एखाद्या खलनायकाच्या निमित्ताने आजी, सून आणि नात यांच्यात जे बोलणे होते, ते एरवी वर्षभरात होत नाही. प्रत्यक्षातल्या कुणाचे नाव न घेता, पडद्यावरच्या माणसावर मत देता देता प्रत्येक जण स्वतःबद्दल सांगून जातो. घरातल्यांच्या मनात काय चालले आहे, हे कळण्याची ती स्वस्त आणि चांगली संधी आहे.

फक्त 'कसा वाटला?' असे विचारून थांबू नये. 'तिच्या जागी तू असतीस तर?', 'त्याचं कुठलं वागणं तुला पहिल्यांदा खटकलं?', 'तिने कुणाला सांगायला हवं होतं?' असे विचारावे. मुलग्यांनाही विचारावे, कारण नकार कसा पचवायचा याचा धडा त्यांना पडद्यावर क्वचितच मिळतो. उत्तर पटले नाही तरी लगेच रागावू नये. नातीने खुन्याची बाजू घेतली म्हणून ती बिघडली असे होत नाही. तिला त्याच्यात काय भावले, हे ऐकणे जास्त मोलाचे.

एवढे करता येईल

• रात्रीचा रहस्यमय भाग संपला की लगेच अंथरुणावर पडू नये. अर्धा तास हलके बोलणे, उद्याच्या भाजीची तयारी, अंगणात एखादी फेरी असे काही करावे. उत्तेजना उतरायला वेळ लागतो.

• मोबाइलवर पाहताना पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. किती भाग पाहायचे ते आधी ठरवावे.

• अगदी टोकाच्या क्षणी थांबण्याऐवजी पुढच्या भागाची पहिली पाच मिनिटे पाहून मग बंद करावे. पेच सुटलेला असतो, डोके शांत होते.

• लहान मुले जागी असतील तर खुनाचे प्रसंग त्यांच्यासमोर नकोत. 'ते खोटं असतं' एवढे सांगून त्यांची भीती जात नाही.

• पडद्यावरचा एखादा प्रसंग पाहून कुणाला रडू आवरत नसेल, जुने काही आठवून झोप लागत नसेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येते. मराठीतूनही बोलता येते.

• कुणी पाठलाग करत असेल, घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. ते मोबाइलमध्ये असावेत आणि घरातल्या मुलींना पाठ असावेत.